नऊ रिकाम्या जागा

तलासरीच्या बाजारात माझी ओळख 'ढगवाले राऊत' अशी आहे. ही पदवी मला तिथल्या एका दुकानदाराने बहाल केली. २०१४ साली पुण्याहून निवृत्त होऊन सरावलीच्या घरी आलो आणि चिकूवाडीच्या कुंपणासाठी तार घ्यायला त्याच्याकडे गेलो. नोकरी कसली होती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खगोलशास्त्राच्या संस्थेत तांत्रिक अधिकारी होतो, आकाशातल्या वायूच्या ढगांच्या याद्या करायचो. त्याने हातातलं तारेचं भेंडोळं खाली ठेवलं.

"भाई, हे तर बहु चांगला काम. ते ढग आपल्या बाजूला कधी येते?"

मी समजावलं, हे ढग पावसाचे नव्हेत. इतके लांब आहेत की तिथून प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मायची होती.

"म्हणजे येत नाय."

"नाही येत."

"तर मग यादी कशाला करते?"

पस्तीस वर्षं ज्या कामात घालवली त्याबद्दल इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर जुळवेपर्यंत तार टेम्पोत चढली होती. पुढे तो दिसला की लांबूनच हाक मारायचा, "काय ढगवाले, यादी झाली का पूरी?" तो गंमत करत होता. मला मात्र दोन वर्षांनी तोच प्रश्न चांगलाच झोंबला. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी धंदा काय ते सांगतो. विश्वाच्या पार पलीकडच्या टोकाला काही अतिशय तेजस्वी दिवे आहेत. त्यांना आम्ही क्वेसार म्हणतो. त्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत वायूचे प्रचंड ढग लागतात. या ढगांना स्वतःचा उजेड जवळजवळ नसतो, त्यामुळे ते थेट दिसत नाहीत. पण ढगातून जाताना प्रकाशातले ठरावीक रंग ढग खाऊन टाकतो. आपण प्रकाशाची पट्टी उलगडून पाहिली की कुठले रंग खाल्ले गेले ते कळतं, आणि त्यावरून ढगात काय आहे, किती आहे, हे सांगता येतं. आमच्याकडे सकाळी नीरा घेणारे जुने लोक ग्लास उन्हाकडे धरून बघतात. ग्लासमागे ऊन नसेल तर आत काय आहे ते कळत नाही. आमचा क्वेसार म्हणजे ते ऊन.

आता अडचण. जे ढग ताऱ्यांच्या कितीतरी पिढ्या पाहून बसलेले आहेत, त्यांत वायूबरोबर धूळही असते. ही धूळ मागचा प्रकाश मंद करते आणि लालसर करते. डहाणूच्या किनाऱ्यावर मावळता सूर्य लाल होतो ना, साधारण तसंच. आणि पूर्वी क्वेसार शोधायची आमची रीत काय, तर निळसर आणि ठळक ठिपके निवडा, मंद आणि लाल ठिपके सोडून द्या. म्हणजे ज्या क्वेसारपुढे सगळ्यात धुळकट ढग आला असेल तो यादीत यायच्या आधीच बाद. क्वेसार बाद म्हणजे त्याच्या पुढचा ढगही बाद. मग आम्ही उरलेले ढग मोजायचे आणि खुशाल म्हणायचं की विश्वात ढग फारसे धुळकट नसतात. थंडीत धुरकट हवा पडली की विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा सुळका इकडच्या रस्त्यावरून दिसेनासा होतो. म्हणून कोणी सुळक्याला नकाशातून काढत नाही. आम्ही मात्र हे असंच करत होतो की काय, अशी शंका त्या काळात जगभरच्या लोकांना होती.

यावर एक तोड होती. रेडिओ लहरींना धुळीचं काही वाटत नाही, त्या आरपार येतात. तेव्हा आधी रेडिओ दुर्बिणीने क्वेसारांच्या जागा ठरवायच्या, मग प्रत्येक जागेवर साध्या प्रकाशात काय दिसतं ते बघायचं. यात 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. एकही जागा सोडायची नाही, कितीही अंधूक असो. तरच खरं कळेल.

नव्वदच्या दशकात आमच्या साहेबांनी हे काम हातात घेतलं आणि यादी करायची जबाबदारी माझ्यावर आली. रेडिओवरून आलेली एकेक जागा घ्यायची, आकाशाच्या छापील चित्रांवर भिंग लावून ती शोधायची, आणि वहीत खूण करायची. क्वेसारसारखं दिसलं तर 'क्वे', तारा वाटला तर 'ता', काहीच दिसलं नाही तर 'रि'. रि म्हणजे रिकामं. माझं अक्षर चांगलं आणि चिकाटी त्याहून चांगली. साहेब पाहुण्यांना वहीवरून उतरवलेली माझी पक्की यादी काढून दाखवायचे. पुढे त्या कामाचा निबंध छापून आला, तेव्हा परदेशातले लोकही तिला 'राऊत यादी' म्हणू लागले. माझ्या नावाने जगात एवढी एकच गोष्ट आहे, आणि तिचा मला केवढा अभिमान होता हे लपवून काय करू! सरावलीला येताना भांडी पुण्यात वाटून टाकली, पण ती कच्ची वही ट्रंकेत घालून आणली.

२०१५ च्या सुमारास मधुराचा फोन आला. ती आमच्या संस्थेत पीएच.डी. करत होती, मी तिला ओळखत नव्हतो.

"सर, तुम्ही राऊत यादीवाले ना? मी तुमची यादी वापरतेय. तेव्हापेक्षा चांगल्या नव्या दुर्बिणीने सगळे ढग पुन्हा मोजणार आहे. धुळीचा प्रश्न एकदाचा निकालात काढायचाय."

मी झोपाळ्यावरून उठून उभाच राहिलो. तिथून पुढे ती प्रकाशाच्या पट्ट्यांचे आलेख पाठवायची आणि मी ते लॅपटॉपवर डोळे बारीक करून तपासायचो. रेंजसाठी गच्चीवर जावं लागे, वीज गेली की शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टरसाठी मिनतवारी करावी लागे. आमच्या नलिनीबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, याची मोठी मौज वाटायची. ती म्हणायची, "पस्तीस वर्षं न दिसणाऱ्या गोष्टी मोजल्यात, आता दिसणारे चिकू तरी नीट मोजा."

हा टोमणा अगदी हवेतला नव्हता. वाडीत चिकू उतरवायला सायवनहून देवजी येतो. पन्नाशी ओलांडलेला, काटक, कामापुरतं बोलणारा. लांब काठीच्या टोकाला जाळी, तिने तो फळ हलकेच ओढून घेतो. कुठलं झाड उतरवून झालं ते लिहून ठेवायचं काम मी हौसेने माझ्याकडे घेतलं होतं. झाडाखाली उभं राहून वर बघायचं, फळ दिसेनासं झालं की वहीत त्या झाडापुढे खूण करायची आणि पुढच्या झाडाकडे चालू लागायचं. याद्या करायची खोड जात नाही.

२०१६ च्या डिसेंबरात एका सकाळी मी अशीच खूण केली आणि पुढे निघालो. देवजी मागेच राहिला होता.

"भाऊ, ह्या झाडाचा अजून बाकी हाय."

"अरे, काही राहिलं नाही. मी नीट बघितलं."

"कुठं बघला?"

"खालून. सगळीकडे."

देवजी हसला. त्याने काठी खोडाला टेकवून ठेवली आणि झाडाच्या पोटात बोट दाखवलं, जिथे फांद्या दाट होतात आणि पानांवर कच्च्या रस्त्याची धूळ बसून सगळं एकरंगी तपकिरी होऊन जातं. "तिथं काय दिसतां तुमाला?"

"काही नाही."

"मंग तिथंच हात घालाचा. बाहेरचा चिकू मागं उजेड हाय म्हणून दिसतो. आतल्याच्या मागं कंचा उजेड?"

आणि तो वर चढला. डोळे कुठेतरी दुसरीकडेच, हात मात्र फांदी फांदी चाचपत होता. याला तो आंधळी फेरी म्हणतो. प्रत्येक झाडाला तो ही फेरी घालत आला होता, आणि दोन वर्षं मी तोवर पुढच्या झाडाखाली पोचलेला असायचो, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. खाली आला तेव्हा त्याच्या कमरेच्या फडक्यात पाच चिकू होते, चांगले मोठे. मी खूण केलेल्या झाडाचे.

मी तडक घरी आलो आणि ट्रंक उघडली.

खरं सांगायचं तर मला काही नव्याने आठवलं असं नाही. विसरलो कधीच नव्हतो, फक्त त्या कोपऱ्यात जायचं टाळत होतो. कच्च्या वहीत नऊ जागांपुढे 'रि' लिहिलेलं होतं. पक्क्या यादीत त्या नऊ जागा नव्हत्या. त्या मी काढल्या होत्या.

त्याचं असं झालं. साहेबांना परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर मोजक्या रात्री मिळायच्या आणि त्यातल्या काही हवामानात वाया जायच्या. एकदा ते वैतागून म्हणाले, "राऊत, रिकाम्या जागेकडे बघत बसायला मला रात्र नाही." बोलून गेले, बहुधा विसरूनही गेले. मी मात्र पक्की प्रत करताना त्या नऊ ओळी गाळल्या. छापील चित्रात जिथे काहीच नाही तिथे साहेबांची रात्र कशाला घालवायची, असा माझा हिशेब. पानावर खाडाखोड नको, हीसुद्धा एक हौस होतीच. वर सुवाच्य अक्षरात 'संपूर्ण यादी' असं लिहिलं. साहेबांनी यादी हातात घेऊन विचारलं होतं, "पूर्ण आहे ना?" मी म्हणालो, "हो साहेब."

धंदा न कळणाऱ्यालाही यातली मेख लगेच कळेल. धुळीमुळे काही क्वेसार अजिबात दिसेनासे होतात का, हे बघायला निघालेली यादी, आणि मी तिच्यातून नेमके न दिसणारेच काढून टाकले.

मधुराचं काम तोवर संपत आलं होतं. निष्कर्ष साहेबांच्या जुन्या निबंधासारखाच होता, धुळीमुळे मोजणीत फारसा फरक पडत नाही. प्रबंध सादर करायला काही महिने उरले होते आणि परदेशातल्या एका संस्थेने तिला जागा देऊ केली होती, पदवी वेळेत हातात आली तर. मला हे सगळं माहीत होतं. मी गप्प बसलो असतो तर कोणालाही कधी कळलं नसतं. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती, वही माझ्या ट्रंकेत होती.

दोन दिवस जेवण गोड लागेना. नलिनीने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. सांगताना साहेबांचं ते रात्रीबद्दलचं वाक्य मी जरा जास्तच जोर देऊन सांगितलं असावं, कारण ती म्हणाली, "गेलेल्या माणसावर ढकलू नका. ओळी तुम्ही गाळल्यात."

गच्चीवर जाऊन फोन लावला. मधुराने सगळं ऐकून घेतलं.

"नऊ म्हणजे नक्की नऊ?"

"नऊ. जागा सगळ्या लिहिलेल्या आहेत, पाठवतो."

"हे तेव्हा साहेबांना माहीत होतं?"

"त्यांनी विचारलं होतं, पूर्ण आहे ना. मी हो म्हणालो."

 मग ती म्हणाली, "सर, दीड वर्ष झालं मी तुमच्याशी रोज बोलतेय." आणि थोड्या वेळाने, "मी नंतर फोन करते."

तो फोन अकरा दिवसांनी आला. त्या अकरा दिवसांत मी वाडीत एकाही झाडाची नोंद केली नाही. तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं होतं की एक तळटीप टाक आणि सादर कर, नऊच तर आहेत. हे अगदीच चुकीचं नव्हतं, असे प्रबंध जगात खूप असतात.

"पण सर, तळटीप वाचणार कोण?" मधुरा म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "सगळ्यात जास्त धूळ जिथे असायची शक्यता, त्याच नऊ जागा आपण बघितल्या नाहीत. म्हणजे आधी केर काढला आणि मग घरात धूळ आहे का बघितली. हे मी माझ्या नावावर कसं देऊ?"

"मग काय करणार?"

"दुर्बिणीसाठी अर्ज. नऊच्या नऊ बघते."

"आणि परदेशातली जागा?"

"ती थांबणार नाहीये."

थांबली नाहीच. वर्षभरात ती दुसऱ्या कोणाला गेली. मधुराने तो विषय माझ्याशी पुन्हा काढला नाही आणि मला तो काढायची हिंमत झाली नाही. याची खंत मला आजही आहे. चूक माझी, वय माझं झालेलं, आणि किंमत मोजली ती जिचं सगळं पुढे होतं तिने.

माझ्याकडून होण्यासारखं एकच होतं. मी संस्थेला पत्र लिहिलं, कच्च्या वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि स्पष्ट लिहिलं की नऊ जागा मी, माझ्या मनाने गाळल्या, साहेबांना ठाऊक नव्हतं. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "राऊत, इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढलंस? तुझ्याच नावाची यादी ना ती?" माझ्याच नावाची होती म्हणूनच, असं मी त्याला म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ वाईट वाटत राहिलं. अभिमान असा एका दिवसात सुटत नाही.

दुर्बिणीचा वेळ मिळायला २०१८ उजाडलं. मधुराने पुन्हा आलेख पाठवायला सुरुवात केली, तेही न सांगता. एक दिवस नुसती फाईल आली, खाली दोन शब्द, 'बघा सर'. मी गच्चीवर धावलो. नऊपैकी चार जागी अतिदूरच्या दीर्घिका निघाल्या, त्यांचा आमच्या ढगांशी संबंध नव्हता. दोन साधेच क्वेसार होते, मुळातच मंद. आणि सातव्या जागी एक मंद, लालसर क्वेसार होता. त्याच्या पट्टीत हायड्रोजनने एवढा मोठा घास घेतला होता की मी आलेख दोनदा उघडून पाहिला. वाटेत एक दाट ढग होता, वायूने भरलेला आणि धुळीनेही. आमच्या लोकांना ज्या तऱ्हेचा ढग असावा अशी शंका होती तो नेमका तिथे होता, आणि मी त्याच्यापुढे रिकामं लिहून ठेवलं होतं.

एका ढगाने विश्व बदललं नाही. वायूची एकूण बेरीज थोडीच वाढली. पण जुने, धुळकट ढग आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त असावेत, एवढं म्हणायला आधार मिळाला. एकाच उदाहरणावरून याहून मोठं विधान करणं बरोबर नाही, असं मधुराने लिहिलं, आणि ते मला फार आवडलं. उरलेल्या दोन जागा त्या मोठ्या दुर्बिणीतूनही कोऱ्याच आल्या. तिथे काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही.

२०१९ मध्ये ती सरावलीला आली. आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच बघत होतो. डहाणू रोड स्टेशनवर मी उगाच अर्धा तास आधी जाऊन उभा राहिलो होतो, आणि ती उतरताच तिची पिशवी घ्यायला पुढे झालो. तिने वाकून नमस्कार केला. मी पुटपुटलो की याला मी पात्र नाही. ती म्हणाली, "ते मी ठरवीन, सर." दुसऱ्या एका संस्थेत तिला काम मिळत होतं, आपल्याच देशात. बरं आहे, म्हणाली. यापेक्षा जास्त ती सांगेना आणि मी विचारलं नाही.

दुपारी वाडीत देवजीचं काम चाललं होतं. मधुरा झाडाखाली उभी राहून वर बघत होती. आंधळी फेरी झाली, तो खाली उतरला, फडक्यातले तीन चिकू त्याने तिच्या हातावर ठेवले.

"भाऊ सांगत व्हते, तुमी बी असलाच काम करता."

"हो दादा. पण अजून दोन ठिकाणी हात पोचला नाही."

"पोचल," देवजी म्हणाला आणि काठी घेऊन पुढच्या झाडाकडे गेला. मी तोवर थांबलो होतो. आता मी खूण आंधळ्या फेरीनंतरच करतो.

संध्याकाळी झोपाळ्यावर बसून तिने पिशवीतून प्रबंध काढला. बांधणीला देण्याआधीची सुटी पानं होती. शेवटी राऊत यादी पुन्हा छापली होती आणि गाळलेल्या नऊ ओळी आपापल्या जागी परत आलेल्या होत्या. सात ओळींपुढे काय सापडलं ते लिहिलेलं. उरलेल्या दोन ओळींपुढे इंग्रजीत एवढंच होतं, मराठीत सांगायचं तर, 'शोधले. दिसले नाहीत. वगळलेले नाहीत.' त्या दोन ओळी मी कितीतरी वेळ वाचत बसलो. अक्षरं पुसट झाली तेव्हा नलिनीने चष्मा पुसायला पदर पुढे केला.

"एक विचारायचं होतं," मधुरा म्हणाली. "नाव तेच ठेवलंय, राऊत यादी. पण वरचा 'संपूर्ण' हा शब्द मी काढलाय. चालेल ना?"

कित्येक वर्षांपूर्वी याच यादीबद्दल मला एक प्रश्न विचारला गेला होता आणि मी झटकन हो म्हणालो होतो. या वेळी मी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं, एकेक ओळीवर बोट ठेवून.

मग म्हणालो, "हो."